चोरलेलं रोप जगतं

मीटरवाल्याच्या घरामागे त्रेसष्ट झाडं होती आणि त्यातलं एकही त्याने विकत आणलेलं नव्हतं. कुंड्याही नावालाच कुंड्या. फुटक्या बादल्या, तेलाचे डबे, मुलीच्या लहानपणचा आंघोळीचा टब आणि बायकोने दोन दिवस शोधून शेवटी नाद सोडलेलं एक पातेलं, असा तो सगळा संसार होता. गृहस्थ एकतीस वर्षं पाणीखात्यात नोकरीला होता. दर दोन महिन्यांनी घरोघरी जायचं, अंगणातलं लोखंडी झाकण उचलायचं, गुडघ्यावर बसून मीटरचा आकडा वहीत उतरवायचा, झाकण लावायचं आणि पुढच्या घराचं फाटक उघडायचं. काचेवरची माती खरवडायला खात्याने एक चाकू दिला होता आणि पुसायला फडकं. आता मीटर असतो बागेत, घरमालक असतो घरात, हातात धारदार चाकू आणि ओलं फडकं. पुढचं वेगळं सांगायला नको.

मागून आणलेलं रोप रुसतं आणि चोरलेलं जगतं, असं झाडं लावणारे हसत हसत सांगतात. ही गोष्ट पहिल्यांदा कुणा चोरानेच सांगितली असणार, पण मीटरवाल्याला ती शंभर टक्के पटली होती. बोटभर फांदी तर घ्यायची. समुद्रातून तांब्याभर पाणी काढलं म्हणून समुद्र आटतो का, असं तो म्हणायचा. बायकोने त्या अंगणाला ‘मुद्देमाल’ असं नाव ठेवलं होतं. "मुद्देमालाला पाणी घातलंत का?" असं ती रोज सकाळी स्वयंपाकघरातून विचारायची आणि तो "घातलं, घातलं" म्हणून खुशीत हसायचा.

आणि खरं सांगायचं तर माणूस सुखी होता. सकाळी चहाचा कप घेऊन पालथ्या बादलीवर बसला की त्याला दुसरं काही लागत नसे. झाडांची नावं त्याला फारशी ठाऊक नव्हती, घरं मात्र पक्की पाठ होती. ही दातांच्या डॉक्टरांची लिली. हे दोन भांडखोर बहिणींचं नेचं, एकीने ‘आत या’ म्हटलं की दुसरी ‘बाहेरच थांबा’ म्हणायची. ही जास्वंद त्या घरची, जिथे कुत्रा पोटरीला चावला होता, आणि नुकसानभरपाई म्हणून तिच्या दोन फांद्या घेतल्या होत्या. कुठल्या घरातून कुठलं गाणं ऐकू यायचं तेही त्याच्या ध्यानात होतं. एकेका झाडाला पाणी घालताना त्या त्या घरचं गाणं तो गुणगुणायचा. आवाज फाटका होता, पण झाडं तक्रार करत नसत.

फक्त एका झाडापाशी तो गुणगुणायचा थांबत असे. ते झाड गुलाबाचं. सायीच्या रंगाचं टपोरं फूल आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला बारीक लाल रेघ. असा गुलाब आसपास कुणाकडेच नव्हता. येणारा जाणारा तिथेच थबकायचा आणि विचारायचा, हा कुठून आणलात? बाकी सगळ्या झाडांची चोरी मीटरवाला रंगवून रंगवून सांगायचा, पण इथे आला की म्हणायचा, "रस्त्याकडेला कुणीतरी उपटून टाकला होता. आणला आणि जगवला." बायकोलाही त्याने हेच सांगितलं होतं.

खरी गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची. गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या घराचा मीटर तो नेहमी फार सावकाश वाचायचा, कारण आत बाई शिकवणीला आलेल्या मुलींकडून एकच ओळ वीस वीस वेळा घोटून घ्यायच्या आणि तो गुडघ्यावर बसून ती ऐकत राहायचा. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. बारीक कामाचा हात. तो गुलाब त्यांनीच तयार केला होता. तीन वर्षं खटपट करून, दोन जातींचा संकर करून त्यांनी एक रोप मिळवलं आणि त्याचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, रानगुलाबाच्या खुंटावर भरला. मीटरवाल्याला त्यांनी हाताला धरून तो दाखवला होता. "मूळचं रोप मेलं. आता जगात हे एवढंच," असं ते म्हणाले होते.

त्याच वर्षी घड्याळवाल्यांनी अंथरूण धरलं. त्यांची खाट खिडकीशी होती, गुलाब समोर दिसावा म्हणून. मीटरवाला गेला त्या दुपारी त्यांना झोप लागली होती. आत शिकवणी चालू होती. बोटभर फांदी घ्यायची, एवढंच मनात होतं. त्याने चाकू काढला, तेवढ्यात बाईंचा आवाज ओळीच्या मध्येच थांबला आणि पावलं वाजली. घाईघाईत चाकू जिथे टेकला होता तिथेच त्याने तो ओढला. चाकू टेकला होता पार बुडाशी. अख्खी फांदी हातात आली. ती पिशवीत कोंबून तो उठला, तर दारात बाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या. "ऊन किती आहे, पाणी प्या," म्हणाल्या. तो प्यायला.

कलमी गुलाबाचं असं असतं की खाली रानगुलाबाचा खुंट आणि वर भरलेल्या डोळ्याची फांदी. जोडाच्या खालून कापलं की उरतो तो नुसता रानगुलाब. हे मीटरवाल्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. दोन महिन्यांनी तो पुन्हा आकडा घ्यायला गेला तेव्हा खुंटाला रानटी फुटवे आले होते. बाई म्हणाल्या, "गुलाबाला काय झालं कळतच नाही हो." त्यावर हा म्हणाला, "माती थकते बाई कधी कधी." तेव्हा त्याच्या घरी त्या फांदीच्या तीन तुकड्यांना पालवी फुटलेली होती. त्यातला एक पिशवीतून नेऊन देणं हे पाच मिनिटांचं काम होतं. पुढच्या खेपेला देऊ, असं त्याने ठरवलं. पुढच्या खेपेला कळलं की घड्याळवाले मधल्या दिवसांत वारले होते. मग आता देऊन काय उपयोग, असं त्याने ठरवलं. पुढे तीनातली दोन रोपं गेली आणि एक जगलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, ते काही उगाच म्हणत नाहीत.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि एके दिवशी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाग बघायला आल्या. तासभर गोष्टी ऐकून म्हणाल्या, "काका, हे सगळं तुम्ही आमच्याकडे रविवारी येऊन बोला. रोजच्या जगण्यातला आनंद. बाग, गाणी, आठवणी. तुमच्याशिवाय कोण बोलणार?" काका हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच. आठवडाभर आरशासमोर तालीम चालली होती.

"मुद्देमाल घेऊन चोर भाषणाला निघाला," बायको म्हणाली. मग त्याला गुलाबाचा डबा उचलताना बघून म्हणाली, "तो कशाला? पाठ धरेल तुमची."

"पाच फुलं आली आहेत एकदम. लोकांना बघू दे की."

चाळीस माणसं आली होती. मीटरवाला चाळीस मिनिटं बोलला आणि लोक पोट धरून हसले. कुत्रा, भांडखोर बहिणी, दातांचे डॉक्टर, सगळे येऊन गेले. शेवटी त्याने गुलाबाकडे बोट केलं. हा मला रस्त्याच्या कडेला सापडला, म्हणाला. कुणीतरी उपटून फेकला होता. मी त्याला मातीत खोचलं आणि त्याने मला तेरा वर्षं फुलं दिली. लोकांनी टाकलेल्या गोष्टीतही आनंद असतो, फक्त वाकून उचलायची तयारी पाहिजे. हे वाक्य त्याने आरशासमोर बसवलेलं होतं. टाळ्या पडल्या.

मग ग्रंथपाल म्हणाल्या की आता बाई एक गाणं म्हणतील. तिसऱ्या रांगेतून पांढऱ्या, बारीक कापलेल्या केसांच्या एक बाई काठी टेकत उठल्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा मीटरवाल्याने त्या गाण्याच्या बाईंना ओळखलं. गाणाऱ्याच्या खुर्चीकडे न जाता बाई सरळ गुलाबापाशी आल्या. चष्मा वर करून त्यांनी एक पाकळी बोटांत धरली आणि बराच वेळ बघितली.

"कुठल्या रस्त्यावर सापडला?" त्यांनी विचारलं.

"टाकीजवळच्या," मीटरवाला म्हणाला. खोटं किती पटकन आलं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बाई त्याच्याच खुर्चीवर बसल्या. "हा आमच्या ह्यांचा गुलाब आहे," त्या म्हणाल्या. त्या हळूच बोलत होत्या, पण सभागृह इतकं शांत झालं होतं की मागच्या रांगेलाही ऐकू गेलं. "ते आजारी होते. खिडकीतून रोज बघायचे. मध्ये दोनेक महिने गुंगीतच होते. शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, फांदी कुठे गेली? तू छाटलीस का? मी म्हटलं, नाही. मग कुणी? अंगणात दुसरं येतं कोण? मी नाही नाही म्हणत राहिले. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी म्हणाले, कबूल कर, मी रागावणार नाही. तेव्हा मी म्हटलं, हो, मीच कापली. मग बोलले. चार दिवसांनी गेले."

 बाई पुढे म्हणाल्या, "मी त्यांच्यासाठी हो म्हटलं होतं, पण पुढे पुढे मलाही वाटायला लागलं. रात्र रात्र जागरण व्हायचं, हातात मोठी कात्री असायची, काय तोडत होते शुद्ध नव्हती. मुलगी अजून म्हणते, आई, बाबांचा एक गुलाब तुला सांभाळता आला नाही. बाकीच्या सगळ्या चोऱ्या तुम्ही उघड सांगितल्यात, मग हीच कशाला लपवाल? आता तुमच्यामुळे कळलं. मीच कापली असणार आणि कचऱ्यात टाकली असणार. ती तुम्हाला सापडली."

त्याने रचलेलं खोटं बाईंच्या गोष्टीत असं चपखल बसलं होतं, की आता बाईंच्या मनातही शंका उरली नव्हती.  बोलायचं तर आत्ताच, चाळीस माणसांसमोर, हे मीटरवाल्याला कळत होतं. तेवढ्यात बाईंनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "माझ्या हातून मेलेलं तुम्ही जगवलंत. देवमाणूस आहात."

"न्या बाई. तुम्हीच न्या," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्यावर मघापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. ग्रंथपाल रुमालाने डोळे पुसत होत्या.

तो घरी आला. बायको दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिच्यासमोर बसून त्याने सगळं सांगून टाकलं, अगदी त्या पाण्याच्या पेल्यासकट.  तिने एका चादरीची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

"गुलाब मी दिला तिला," तो म्हणाला.

"दिलात काय? तिचाच होता," ती म्हणाली. "त्या बाईने केलेलं नसताना कबूल केलं. तुम्हाला केलेलं कबूल करता येत नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मी आयुष्यभर तुम्हाला चोर म्हणून चिडवत आले. मला वाटायचं, थट्टा करते आहे."

त्या दिवसापासून तिने मुद्देमालाला पाणी घातलंत का असं विचारणं बंद केलं, आणि ते त्याला शिव्यांपेक्षा लागलं. पालथ्या बादलीवर बसणं सुटलं. झाडांकडे बघितलं की एकेक घर समोर यायचं आणि वाटायचं, इथे माझ्या मागे काय झालं असेल? त्या डॉक्टरने कुणावर आळ घेतला असेल? त्या दोघी बहिणी या नेच्यावरूनच तर भांडत नव्हत्या? असल्या शंकांना अंत नसतो. खाई त्याला खवखवे. रोज सकाळी तो ठरवायचा की आज बाईंकडे जायचं, आणि रोज दुपारपर्यंत काहीतरी निघायचं. एकदा तर त्याने गुडघे दुखतात म्हणून स्वतःलाच समजावलं. एकतीस वर्षं ज्या गुडघ्यांवर बसून काढली, त्यांच्यावरच त्याने सगळा भार टाकला.

नवव्या दिवशी बाईंचाच फोन आला. गुलाबाचा डोळा जुन्या खुंटावर भरून द्याल का, असं त्या विचारत होत्या. "तो खुंट मी अजून ठेवला आहे. ह्यांनी जसा केला होता तसाच व्हावा असं वाटतं. तुमच्या हाताला यश आहे, म्हणून तुम्हाला विचारलं."

त्या घराची घंटा त्याने त्या दिवशी पहिल्यांदा वाजवली. एरवी तो फाटक उघडून सरळ आत जायचा. बाईंनी त्याला अंगणात नेलं. रानगुलाब भिंत चढून छपरापर्यंत गेला होता आणि बुडाशी मनगटाएवढा जाड झाला होता. "याला काही वास नाही, धड फूल नाही," बाई म्हणाल्या, "पण तेरा वर्षं पाणी घालते आहे. मीच मारला, तर उरलेल्याचं तरी करायला नको का?"

मीटरवाला गुडघ्यावर बसला. बुडाची माती त्याने हाताने बाजूला केली, तर तिथे जुन्या कापावर एक गाठ आलेली होती. तिच्या शेजारच्या एका कोवळ्या फुटव्यावर त्याने चाकूने चीर पाडली, साल अलगद उचलली आणि डब्यातल्या गुलाबाचा डोळा काढून त्या चिरेत बसवला. आता फक्त पट्टीने बांधायचं राहिलं होतं. बाई शेजारी काठीवर रेलून बघत होत्या.  शेवटी त्याने वर न बघता त्या गाठीवर बोट ठेवलं.

"बाई, फांदी इथे कापली होती. जोडाच्या खाली. ती मी कापली."

बाईंना कळलं नाही. "तुम्हाला तर रस्त्यावर—"

"रस्त्यावर नाही. तुम्ही आत शिकवत होतात. मला बोटभर हवी होती. तुमची चाहूल लागली, घाबरलो आणि अख्खी कापली. पिशवीत घालून नेली."

बाईंनी वाकून ती गाठ बघितली. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला पाणी दिलं होतं."

"हो."

"आणि नंतर तुम्ही म्हणालात, माती थकते."

"हो," तो म्हणाला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते त्याला तेव्हा कळलं. जमीन समोरच होती, हात मातीतच होते, आणि ती काही दुभंगत नव्हती. "बाई, मला माफ—"

"डोळा सुकेल," बाई मध्येच म्हणाल्या. "आधी बांधा."

त्याने बांधलं. पट्टी दोनदा सुटली. बाई पायरीवर जाऊन बसल्या होत्या. त्याचं काम संपल्यावर म्हणाल्या, "माझी माफी कसली मागता? ज्यांची मागायची ते राहिले नाहीत. शेवटच्या चार दिवसांत ते बोलले ते एका खोट्यावर बोलले. मी त्यांना फसवलं, हे तुम्ही मला आज सांगता." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मीटरवाल्याला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी पदराआडून मोबाइल काढला, डोळ्यांजवळ धरून एक नंबर लावला आणि फोन त्याच्यासमोर केला. "माझी मुलगी आहे. मला सांगितलंत ते तिला सांगा."

मातीने भरलेल्या हातानेच त्याने फोन घेतला. पलीकडून आवाज आला, "हां, बोल आई." वाचनालयात चाळीस मिनिटं न अडखळता बोललेल्या त्या माणसाला पहिला शब्द सापडेना. पलीकडून पुन्हा "आई?" आलं, आता काळजीने.

"मी पूर्वी तुमच्याकडे यायचो तो मीटरवाला बोलतोय," तो म्हणाला. "तुमच्या बाबांचा गुलाब मी कापला होता. चोरून. तुमच्या आईने नाही."

  "आईला द्या," ती म्हणाली.

त्याने फोन बाईंच्या हातात दिला आणि चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. निघून जावं तर पळाल्यासारखं, थांबावं तर ऐकल्यासारखं. बाई फोन कानाशी धरून मान खाली घालून ऐकत होत्या. मुलगी काय बोलत होती ते त्याला ऐकू आलं नाही. पायरीवरची माती बोटाने सारखी करत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, "हो गं. मी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं ना, तेच खरं होतं."